समुद्र बंद असतो तेव्हा

लहान शिडाच्या होडीतून भूमध्य समुद्राचा किनारा धरून जायचे असेल, तर नकाशाआधी कॅलेंडर उघडा. रोमन लष्करी लेखक व्हेजेटियस सांगतो : २७ मे ते १४ सप्टेंबर समुद्र सुरक्षित, ११ नोव्हेंबरपर्यंत बेभरवशाचा, पुढे १० मार्चपर्यंत बंद.

हा धडा त्याच्या कित्येक पिढ्या आधीच मिळाला होता. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो आहे. इटलीला निघालेले धान्याचे जहाज हंगाम संपताना क्रीट बेटावर थांबले होते. कैदी पौल म्हणाला, पुढे जाण्यात धोका आहे. पहाऱ्यावरच्या रोमन अधिकाऱ्याने मात्र तांडेलाचे आणि मालकाचे ऐकले. हिवाळा काढायला त्याच बेटावरचे जास्त सोयीचे बंदर गाठायचे होते, एवढेच! दक्षिणेचा मंद वारा सुटला, नांगर उचलला. मग ईशान्येचे वादळ आले. १४ दिवस भरकटून जहाज माल्टाजवळ फुटले. २७६ जण वाचले, जहाज गेले.

त्या अधिकाऱ्याला मी हसत नाही. फौजेत मीही हुकूम दिले आहेत. 'चला' म्हणणे सोपे असते. म्हणून बेत आखतानाच, डोके शांत असताना, कोणत्या तारखेनंतर नांगर उचलायचा नाही, ते लिहून ठेवा.