महमूद गावानचा शिक्का आणि आपला पासवर्ड

कमठाणा हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. कर्नाटकातल्या बीदर तालुक्यातले हे एक गाव, बीदर शहरापासून फारसे दूर नाही. बीदर-कलबुर्गीचा हा सगळा मुलूख सीमेवरचा. कानडी, मराठी, उर्दू, तेलुगू अशा चारही भाषा इथे नांदतात. १९५६ साली भाषावार राज्ये झाली तेव्हा हैदराबाद राज्यातल्या जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. मराठी बोलणारी माणसे मात्र दोन्हीकडे राहिली.

आम्हां गोंयकारांचा या मुलखाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि चांगला जुना आहे. पंधराव्या शतकात बीदर ही बहमनी राज्याची राजधानी होती. त्या राज्याचा वजीर महमूद गावान याने १४७२ साली गोवा विजयनगरकडून जिंकून घेतला. पुढे पोर्तुगीज आले ते १५१० साली. पणजीत मांडवीच्या काठावर ज्याचा राजवाडा अजून उभा आहे तो यूसुफ आदिलशहासुद्धा या गावानच्याच हाताखाली वर आलेला सरदार. म्हणजे आपल्या इतिहासाचा एक धागा थेट बीदरला जाऊन पोचतो.

आज मात्र मला गावानच्या पराक्रमाबद्दल लिहायचे नाही. लिहायचे आहे ते त्याच्या मरणाबद्दल; कारण त्या मरणाचा संबंध तुमच्या-माझ्या पासवर्डशी आहे. दचकू नका, सांगतो.

गावान मूळचा इराणातल्या गिलान प्रांतातला. बीदरला आला तो व्यापारी म्हणून, आणि हळूहळू राज्याचा कर्ता पुरुष झाला. बीदरमधला त्याचा मदरसा आजही पाहता येतो. त्याने कारभाराची घडी नव्याने बसवली. चार मोठे सुभे होते त्यांचे आठ केले, जमिनीची मोजणी करवली, आणि एका सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील असा दंडक घातला. ज्यांचे पंख कापले गेले ते सरदार गप्प बसणार थोडेच! त्यातून दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट होतेच. दख्खनी सरदारांचा म्होरक्या मलिक हसन हा गावानच्या वाइटावर टपून होता.

फिरिश्ता या इतिहासकाराने ही हकीगत लिहून ठेवली आहे. गावानचा शिक्का सांभाळणारा एक हबशी गुलाम होता. विरोधकांनी त्याच्याशी दोस्ती केली, त्याला भेटी दिल्या, दारू पाजली. एके दिवशी तो नशेत असताना एक घडी घातलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. एका मित्राच्या हिशेबाचा कागद आहे, बाकीच्या अधिकाऱ्यांचे शिक्के झाले आहेत, तेवढा वजिराचा राहिला आहे, असे सांगितले. त्याने घडी उघडलीसुद्धा नाही. शिक्का उमटवून दिला. कागद आतून कोरा होता! मग त्या कोऱ्या जागेत ओरिसाच्या राजाला उद्देशून एक पत्र लिहिले गेले. सुलतानाच्या जुलमाला प्रजा कंटाळली आहे, तुम्ही स्वारी करा, राज्य आपण वाटून घेऊ, असा त्याचा मतलब.

ते पत्र सुलतान महंमदशहापुढे आले. त्याने गावानला बोलावले. जाऊ नका, असे मित्रांनी विनवले तरी म्हातारा गेला. शिक्का माझाच आहे, पत्र मात्र माझे नाही, एवढेच त्याने सांगितले. सुलतानाने चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सत्तरीतल्या त्या वजिराचे डोके उडवले गेले. खरा प्रकार कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला म्हणतात, पण गेलेला माणूस थोडाच परत येतो! वर्षभरात सुलतानही गेला, आणि पुढच्या काही दशकांत बहमनी राज्याची पाच शकले झाली. एका शिक्क्यामुळे राज्य बुडाले असे मी म्हणणार नाही, भांडणे आधीपासून होतीच. पण भांडणाला हत्यार मिळाले ते त्या शिक्क्यातून.

आता जरा थांबून विचार करा. गावानचे नेमके चुकले कुठे? शिक्का कच्चा नव्हता. त्याची कुणी नक्कलही केली नव्हती. शिक्का अस्सल होता, आणि तिथेच खरा घात झाला. शिक्का पाहणारा माणूस असे धरून चालतो की त्यामागे मालकाचा हात आहे. वास्तविक शिक्का एवढेच सांगतो की कागद शिक्क्याखाली आला होता. तो कुणी उमटवला आणि उमटवणाऱ्याने कागद वाचला होता का, हे शिक्क्याला सांगता येत नाही. पासवर्डचेही अगदी तसेच आहे. बँकेच्या कॉम्प्युटरला तुम्ही दिसत नाही, तुमचा पासवर्ड तेवढा दिसतो. तो ज्याच्या हाती, तोच तुम्ही!

मराठ्यांच्या कारभारात यावर चांगला उपाय दिसतो. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तबाखाली कुणी ओळ घुसडली तर ती उघडी पडायची. शिवाय ‘रुजू’, ‘बार’ असे शेरे असत, म्हणजे कागद आणखी कुणाच्या तरी नजरेखालून जाई. अष्टप्रधानांतल्या सुरनिसाचे, म्हणजे सचिवाचे, कामच पत्रे तपासण्याचे. एका हातातल्या एका खुणेवर सगळा भरवसा ठेवायचा नाही, ही त्यातली शहाणीव. आज पासवर्डनंतर मोबाईलवर आणखी एक आकडा मागतात, तो याच जातीचा!

कॉम्प्युटरला पासवर्ड लागू लागला तो साधारण १९६१ पासून. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकच कॉम्प्युटर अनेकजण वापरत. प्रत्येकाची फाइल खाजगी राहावी म्हणून फर्नांदो कोर्बातो यांच्या गटाने ही युक्ती काढली. गंमत म्हणजे १९६६ साली त्याच यंत्रणेत दोन फाइलींची अदलाबदल झाली, आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले!

पुढे १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतले ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाले. तीस वर्षांनी, २००९ साली, रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. त्यात जवळजवळ २ लाख ९० हजार जणांचा पासवर्ड होता १२३४५६. माणूस काही बदललेला नाही! आपल्याकडे बायकोचे नाव, मुलाचे जन्मसाल किंवा कुलदेवतेच्या नावापुढे १२३, एवढ्यावर निभावते. आणि तोच पासवर्ड ईमेलला, बँकेला, वीजबिलाला, रेल्वेच्या तिकिटाला. गावानचा शिक्का दुसरा काय होता? एकच, आणि सगळ्या दारांना चालणारा. कुठल्या तरी फालतू दुकानाच्या साइटवरून तो फुटला की चोर तोच घेऊन बँकेच्या दाराशी जातो.

यावर उपाय म्हणून जी सॉफ्टवेअर निघाली त्यांना पासवर्ड मॅनेजर म्हणतात. ब्रूस श्नायर या तज्ज्ञाचे पासवर्ड सेफ १९९७ साली आले, कीपास २००३ साली, बिटवॉर्डन २०१६ साली. या तिन्हींना पैसे न देता वापरता येते. कल्पना सोपी आहे. घरातल्या सगळ्या किल्ल्या एका तिजोरीत ठेवायच्या आणि तिजोरीची किल्ली तेवढी डोक्यात. प्रत्येक दाराला वेगळी किल्ली, आणि ती कॉम्प्युटरनेच घडवलेली. आपण मनाने घडवायला गेलो की जन्मतारखा आणि देवाची नावेच सुचतात. यंत्र निव्वळ यदृच्छेने १६ अक्षरे-चिन्हे उचलते. कीबोर्डावरच्या ९४ खुणांतून अशा १६ खुणांच्या किती जुळण्या होतात? ३७ पुढे ३० शून्ये. चोराला प्रयत्न करू द्या!

तिजोरीची किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, हे सॉफ्टवेअर कुठेही लिहून ठेवत नाही. तुम्ही टाइप केलेल्या शब्दांवर ते मुद्दाम लांबण लावून गणित करते, त्यातून किल्ली बनते आणि तिने तिजोरी उघडते. गणित लांबवायचे कारण हे की तुम्हाला एकदाच थांबावे लागते, चोराला मात्र प्रत्येक अंदाजाला थांबावे लागते. तोटाही सांगतो. मुख्य पासवर्ड विसरलात तर कुठलाही मामलेदार त्याची नक्कल काढून देणार नाही. म्हणून तो कागदावर लिहून, घरातल्या महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर कुलपात ठेवणे शहाणपणाचे. कागद कपाटात असला तर बिघडत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्याला चिकटवलेला असला की बिघडते.

हा मुख्य पासवर्ड पाठ होईल असा, तरी कुणाला न सुचणारा हवा. त्यासाठी आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली फाशांची युक्ती सुचवली. ७,७७६ शब्दांची क्रमवार यादी घ्यायची, फासा पाच वेळा टाकून जो आकडा येईल तो शब्द उचलायचा. असे सहा शब्द जमले की झाले. त्यांना एकमेकांशी अर्थ नसतो, म्हणूनच चित्र डोळ्यांसमोर आणून ते लक्षात ठेवायचे. पाठ असलेला अभंग किंवा गाण्याची ओळ मात्र घेऊ नका, ती चोरालाही पाठ असू शकते.

तिजोरीच चोरीला गेली तर? प्रश्न रास्त आहे, आणि तसे घडलेही आहे. २०२२ साली लास्टपास या कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांनी पळवल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा त्यांना धोका उरलाच. ज्यांनी लांबलचक, वेगळा पासवर्ड ठेवला होता ते पुष्कळ निर्धास्त राहिले.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. गावानच्या गुलामाने घडी उघडून कागद पाहिला नव्हता. पासवर्ड मॅनेजर पाहतो! बँकेच्या साइटसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट समोर आली तर आपले डोळे फसतात. ब्राउझरला जोडलेला मॅनेजर चित्राकडे बघत नाही, तो पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. पत्ता जुळला नाही तर पासवर्ड आपणहून भरत नाही. तो गप्प बसला की आपण समजावे, दारात काहीतरी काळेबेरे आहे.

पण फोनवरून कुणी ओटीपी मागितला तर हे सॉफ्टवेअर काय करणार? तिथे शिक्का आपल्याच हातात असतो. केवायसी अडले आहे, पार्सल अडकले आहे, वीज तोडणार आहेत, असे काहीबाही सांगतात आणि घाईने आकडा मागतात. ती घडी घातलेल्या कागदाचीच युक्ती, साडेपाचशे वर्षे जुनी! आपल्या गोव्यात कितीतरी घरांत आई-वडील एकटे आहेत आणि मुले आखातात नाहीतर इंग्लंडात. त्यांच्या आयुष्यभराच्या ठेवी त्या एका आकड्याच्या आड असतात. मुलांनी सुट्टीत आल्यावर त्यांना मोबाईल घेऊन द्यावाच, पण गावानची ही गोष्टही सांगावी. गोष्ट लक्षात राहते, बँकेचे सूचनापत्रक राहत नाही.

आणि एक गोष्ट आम्हां कारकून मंडळींसाठी. साहेबाचे डिजिटल सहीचे डोंगल आणि त्याचा पिन हाताखालच्या माणसाकडे असणे, हा प्रकार सरकारी कचेऱ्यांच्या जगात नवलाचा नाही. साहेब मीटिंगला, बिले अडलेली, मग सही कारकूनच ‘मारतो’. दोघांचाही हेतू चांगला असतो. पण २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४२ वे कलम सांगते की आपली डिजिटल किल्ली आपल्याच ताब्यात राखण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची. आणि कलम ६६-क, जे २००९ पासून अंमलात आहे, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. उद्या एखाद्या कागदावरून चौकशी लागली तर साहेब म्हणेल, सही माझी पण कागद माझा नव्हे. हे वाक्य कुठे ऐकल्यासारखे वाटते ना? आणि शिक्केदाराला विचारले तर तो तरी काय सांगणार! म्हणून दुसऱ्याचे डोंगल सांभाळायला नम्रपणे नकार देणे यात उद्धटपणा मुळीच नाही. त्यात साहेबाचे भले आहे आणि आपलेही.

बीदर शहराबाहेर गावानची कबर आहे. मदरसा पाहायला जाणाऱ्यांपैकी फारच थोडे तिथवर जातात. कधी त्या बाजूला, कमठाण्याकडे जाणे झालेच तर जरूर पाहून या. आणि जाण्याआधी घरी एवढे करा : ईमेल आणि बँक, या दोन दारांच्या किल्ल्या आजच वेगळ्या करून टाका. बाकीच्या सवडीने करता येतील.