क्लोव्हरचे कुरण आणि वांझ मेंढ्या

ऑस्ट्रेलिया हा मेंढीच्या पाठीवर उभा राहिलेला देश, असे आपण गिरावीनकर मंडळी इथे आल्यापासून ऐकतो. त्या मेंढीला एकदा हिरव्यागार कुरणानेच दगा दिला, ही हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्येकडील जमीन मूळची निकस. सुपरफॉस्फेट घालून तेथे सबटेरेनियन क्लोव्हर पेरण्याची पद्धत रुजली. मेथीसारख्या त्रिदली पानांचे हे पीक हवेतला नत्र जमिनीत आणते. कुरणे बहरली, मेंढ्या गुटगुटीत झाल्या. पण १९४० नंतर विपरीत घडू लागले. मेंढ्या गाभण राहीनात. राहिल्या तर विताना अडत. कित्येकींचे अंग बाहेर येई. खच्ची केलेल्या नरांनाही दूध सुटू लागले!

१९४६ साली बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या संशोधकांनी आपला निबंध प्रसिद्ध करून क्लोव्हरकडे बोट दाखवले. पुढे उलगडा झाला तो असा: या पानांत फॉर्मोनोनेटिन असते. मेंढीच्या पोटातील जंतू त्याचे इक्वॉल बनवतात, आणि शरीर त्याला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकच समजते. वर्षानुवर्षे असा चारा खाल्ला की गर्भाशयमुखाची रचना बदलते, तेथील स्राव पातळ होतो आणि शुक्रजंतू वर पोचत नाहीत. मग कुरण बदलूनही उपयोग नसतो. गाईंना हाच चारा तितकासा बाधत नाही.

क्लोव्हर उपटावे तर जमिनीचा कस जातो, ठेवावे तर कळप जातो. या पेचातून वाट निघाली ती फॉर्मोनोनेटिन कमी असलेल्या वाणांमुळे. सुक्या पानात त्याचे प्रमाण ०.२ टक्क्यांहून कमी असावे, असा दंडक ठरला. तरीही जुन्या वाणांचे टणक बी मातीत टिकून राहते आणि जुन्या कुरणांत पुन्हा उगवते.

महाराष्ट्रातल्या लसूणघासातही कूमेस्ट्रॉल हे असेच द्रव्य असते. पानांवर बुरशीचे ठिपके पडले की ते वाढते. गाय वारंवार उलटण्याची कारणे अनेक असतात, पण चाऱ्याचीही चौकशी व्हावी. वांझपणाचा ठपका मादीवर ठेवून मोकळे होण्याची सवय जुनी आहे. इथे मेंढी निर्दोष होती. दोष तिच्यापुढे वाढलेल्या ताटात होता.