खुंटीवरची ठासणीची बंदूक

अनमोड घाट चढून जोयडा तालुक्यात शिरलं की घरं, माणसं, बोली सारं आपल्या सांगे-सत्तरीसारखंच वाटतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका कुणबी घरी राहिलो होतो. माजघरात, पोरांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठासणीची बंदूक आडवी टांगलेली. दारू आणि छर्रे निराळ्या खोलीत, पेटीत कुलूपबंद. "मारूंक न्हय, धांवडावंक," घरधनी म्हणाले. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरतात. मग माळ्यावर रात्र जागून काढायची आणि नुसती दारू ठासून बार उडवायचा.

या बंदुकीच्या परवान्यामागे केवढा इतिहास आहे! 1857 साली इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेणारा कायदा केला, तेव्हा मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड त्याविरुद्ध उठले. 1858-59 मध्ये सावंतवाडीकडचे बंडखोर याच सुपे भागातल्या, गोव्याच्या सरहद्दीलगतच्या रानांत लपून लढत होते. फडणीस बंधू त्यांत होते, तसा सिद्दी बस्त्यांवही. (जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका. सुपे गाव पुढे काळी नदीवरच्या धरणात बुडालं.) मग 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्र कायदा आला आणि बंदुकीला परवाना लागू लागला. गंमत म्हणजे कोडगूच्या कोडवांना इंग्रजांनी दिलेली परवान्यातली सूट अजून चालू आहे. 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली. सुप्याच्या कुणब्याला मात्र कचेरीची पायरी चुकलेली नाही.

1959 च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याची आठवण ठेवली. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, आणि नाकारण्याजोगं कायदेशीर कारण नसलं, तर कलम 13 प्रमाणे परवाना द्यायचाच आहे. 'देता येईल' असं तिथं नाही. माझ्यासारख्या कारकुनाला हा फरक चटकन दिसतो.

पण 1972 चा वन्यजीव कायदा म्हणतो, अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नोंद करावी, आणि तिथं नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देऊ नये. दांडेली अभयारण्य 1956 चं, अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 चं. या तालुक्यात दहा किलोमीटर मोजायला गेलं तर बाहेर किती गावं उरतील? परवानगीवाचून रानडुक्कर मारणंही गुन्हाच. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं, तर तेवढी सूट आहे. म्हणजे पिकासाठी बंदूक मिळते ती मुख्यतः आवाजापुरती. वाघ-गव्यांचं रान राखायचं तर हे मला पटतं. पण त्या रानाची किंमत भाताच्या कणसांत मोजली जाते, हेही खरं.

त्यात निवडणुका. 2009 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरसकट नव्हे, तर छाननी समितीने ठरवलेल्यांचीच हत्यारं जमा करून घ्यायची, अशी पद्धत आली. घरधन्यांना ते ठाऊक नव्हतं. निवडणूक लागली की ते आपणहून बंदूक ठाण्यावर नेऊन देतात. पोलिसांची पावती परवान्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात, आणि ती परत मिळेपर्यंत रात्री माळ्यावर तेलाचा रिकामा डबा बडवत बसतात.