राजभट्टीचा उकिरडा

लोणच्याची बरणी चिनी मातीची असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या मातीचे माहेर कोणते? चीनच्या च्यांगशी प्रांतात काओलिंग नावाचे खेडे आहे. तिथल्या पांढऱ्या मातीलाच पुढे जगाने ‘केओलिन’ म्हटले. ही माती जवळच्या चिंगदेचेन गावी जाई. १००४ साली सुंग बादशहाने आपल्या ‘चिंगदे’ या राजशकाचे नाव या गावाला बहाल केले. डोंगरात देवदारी लाकूड मुबलक, माल न्यायला छांग नदी; भट्ट्या रात्रंदिवस धगधगत.

मिंग बादशहांनी येथे चूशान टेकडीपाशी खास राजभट्टी बसवली. तिचा शिरस्ता मोठा कडक. भांड्यात रेसभर खोट दिसली, की ते फोडून तिथेच पुरायचे! राजाची नक्षी रयतेच्या हाती पडता कामा नये ना! १९८० नंतर तिथे उत्खनन झाले, तेव्हा या खापऱ्यांचे थरच्या थर निघाले. संशोधक ल्यू शिन्-युआन यांनी तुकडा तुकडा जुळवून भांडी पुन्हा उभी केली. त्यांत श्वान्दे बादशहाच्या (१४२६–३५) काळातली, रातकिडे ठेवायची नक्षीदार भांडीही सापडली. बादशहाला रातकिड्यांच्या झुंजींचा भारी षौक! बखरकारांनी झाकलेले उकिरड्याने असे चव्हाट्यावर आणले.

पण खापऱ्यांवर कारागिराचे नाव नसते. एक नाव मात्र गावाने जपले आहे. १५९९ साली वान्ली बादशहाला नागमुद्रेची प्रचंड रांजणे हवी होती. ती भाजताना तडकत. देखरेखीवरचा खोजा अधिकारी फान श्यांग कामगारांना फटके मारी, उपाशी ठेवी. अखेर थोंग पिन नावाच्या भट्टीवाल्याने धगधगत्या आगीत उडी घेतली. दुसऱ्या दिवशी रांजण अखंड निघाले, असे लोक सांगतात. रांजणाचे राहू द्या. पण पुढे कामगार खवळून उठले आणि थोंग पिनचे देऊळ झाले, हे खरे. तो भट्ट्यांचा अग्निदेव ठरला.

१७२८ साली थांग यिंग हा अधिकारी आला. साहेबी बाजूला ठेवून तीन वर्षे तो कारागिरांच्या पंगतीला जेवला, त्यांच्यातच झोपला, तेव्हा कुठे त्याला हे काम उमगले. त्याला तीन फूट रुंदीचे एक जुने रांजण बेवारस पडलेले दिसले. तेही खोटीमुळे नापास झालेलेच. त्याने ते फोडले नाही. उचलवून देवळाशेजारी उंच ओट्यावर ठेवले.