काळ्या कासवाची डुप्लिकेट एन्ट्री

ॲक्वेरियमच्या दुकानात डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं इवलंसं हिरवं कासव पाहिलंच असेल. रेड-इअर्ड स्लायडर. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. याच कासवाचे काळे, पिवळे, पांढुरके नमुने ‘रेअर’ म्हणून बऱ्याच चढ्या भावाने विकले जातात. मित्राला असंच एक काळं कासव ‘वेगळी जात’ म्हणून ऑफर झालं. त्याने मला विचारलं आणि माझा अख्खा शनिवार वाचण्यात गेला!

गंमत म्हणजे हा घोळ दुकानदारांच्या आधी शास्त्रज्ञांनीच घालून ठेवलाय. १८३६ साली चार्ल्सटनचे डॉक्टर जॉन होलब्रुक यांनी कंबरलँड नदीतल्या एका कासवाला ‘एमिस ट्रूस्टी’ नाव दिलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत जर्मन राजपुत्र माक्सिमिलियान याने लाल पट्ट्यावाल्याला नाव दिलं ‘एमिस एलेगन्स’. हा गडी १८३२-३३चा हिवाळा इंडियानातल्या न्यू हार्मनी गावात मुक्काम ठोकून होता. पुढे मिसिसिपीच्या खोऱ्यात पट्टा नसलेलं काळपट कासव सापडलं की ते बिनदिक्कत ‘ट्रूस्टी’च्या खात्यात जायचं. शेवटी १९३३ साली लुइझियानाचे पर्सी व्हिओस्का यांनी दाखवून दिलं, की अहो, हे तर एलेगन्सचेच वयस्क नर! म्हणजे आपल्या भाषेत, एकाच युजरची दोन अकाउंट्स. ‘ट्रूस्टी’ हे नाव आजही आहे, पण कंबरलँडकडच्या एका उपजातीपुरतंच.

होतं असं, की काही नर वय वाढलं की काळवंडतात. लाल पट्टा पुसट होतो, पिवळ्या रेघा तुटतात, कवचावर काळे डाग पसरतात. म्हणजे मित्रासमोर ठेवलेलं ते ‘दुर्मिळ’ कासव बहुधा एक आजोबा होते. त्यांची पिल्लं हिरवीच निघणार.

अल्बिनोचं प्रकरण वेगळं. तो जनुकाचा खेळ. अंड्यातून बाहेर येतानाच अंग पिवळं आणि डोळे लाल. जनुक अप्रभावी, त्यामुळे आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. दोघे दिसायला साधे पण जनुक बाळगणारे असतील, तर सरासरी चारात एक पिल्लू तसं.

‘पेस्टल’ मात्र जरा संशयाने बघा. स्लायडरच्या अंड्यांना साधारण २९ अंशांची ऊब मिळाली तर नर-माद्या निम्मे-निम्मे, ३१ला जवळजवळ सगळ्या माद्या. नुसत्या तापमानावर लिंग ठरतं! बरेच ब्रीडर पेस्टल रंगाचं कारणही अंडी जास्त तापणं हेच सांगतात. पाठीवरचे तुकडे वेडेवाकडे किंवा जादा असतील तर शंकेला जागा आहे. रंग पुढच्या पिढीत उतरेल या भरवशावर पैसे घालू नयेत. म्हणून विकणाऱ्याकडे आधी कासवाचा लहानपणचा फोटो मागा, मग आईबापाचा.

आता आपल्याकडचं. जुलै २०२०मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात हळदीसारखं पिवळंधमक कासव सापडलं आणि फोटो सगळीकडे फिरले. तो भारतीय फ्लॅपशेलचा अल्बिनो. ही जात वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरी पाळणं गुन्हा. ओळख सोपी: पाठ गुळगुळीत, कातडीने झाकलेली, स्लायडरसारखे तुकडे नाहीत, आणि पोटाकडून मागचे पाय झाकणाऱ्या झडपा. असं ‘गोल्डन टर्टल’ कुणी दाखवलं, तर भाव न विचारता वनविभागाला फोन करा.