सोबतीचा रस्ता : मिहानला लागून जाणाऱ्या लांब वाटेचा पूर्वेतिहास

नागपूर शहराच्या दक्षिणेस, सोनेगावच्या विमानतळापासून खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारांवर पसरलेला मिहान हा प्रकल्प, ज्याच्या उभारणीसाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली, तो आज मालवाहतूक, विमानदुरुस्ती आणि संगणकसेवा यांचे केंद्र म्हणून ओळखला जातो. मात्र ज्या कारणाने ही जागा निवडली गेली ते कारण प्रकल्पापेक्षा फार जुने आहे. उत्तरेकडून जबलपूर-शिवनीमार्गे येऊन हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद असा हैदराबादेकडे उतरणारा दख्खनचा लांब रस्ता या शिवारांच्या कडेने जातो, आणि पश्चिमेकडे मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग येथून जवळच, हिंगणा तालुक्यातील शिवमडका येथे सुरू होतो. या लांब वाटांचा इतिहास सहसा राजे, लढाया आणि अभियंते यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. त्यांवरून माणसे प्रत्यक्षात कशी गेली याचा विचार केला, तर या वाटांवर माती आणि मुरुमाइतकीच आणखी एक गोष्ट रस्त्याचा भाग होती, ती म्हणजे सोबत, असे दिसून येते.

विदर्भ हे वाळवंट नव्हे. तरीही चैत्र-वैशाखात तापमान ४५ अंशांच्या पुढे गेलेले असताना, नदीनाले आटलेले असताना आणि दोन गावांमध्ये सावलीचे झाड क्वचितच असताना, वऱ्हाडच्या काळ्या पठारावरून पायी किंवा बैलबंडीने जाणाऱ्या माणसाला वाळवंटातल्या प्रवाशाहून वेगळे प्रश्न पडत नव्हते : पुढची विहीर कोठे आहे, तिच्यात पाणी आहे काय, आणि रात्री कोणाच्या शेजारी पाठ टेकायची. पावसाळ्यात प्रश्न उलटा होत असे. कापसाची काळी जमीन ओली झाली की बंडीची चाके आसापर्यंत रुतत, म्हणून दूरची वाहतूक मुख्यतः दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर थांबत असे. म्हणजे वर्षातील जे महिने रस्ता उघडा असे, त्यांतले अखेरचे महिने पाण्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण असत. एकट्याने निघणे हे केवळ धाडसाचे नव्हे, तर अव्यवहार्य होते, कारण आजारी पडलेल्याजवळ थांबणारा, बैल सुटला तर शोधणारा आणि विहिरीवर गेलेल्याच्या सामानाकडे पाहणारा दुसरा माणूस हा चैनीचा भाग नव्हता.

या गरजेतून जी सर्वांत मोठी आणि सर्वांत शिस्तबद्ध व्यवस्था निर्माण झाली ती बंजारा किंवा लमाण समाजाच्या तांड्याची. तांडा म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांसह कुटुंबकबिल्याने चालणारा वाहतूकदारांचा समूह, आणि त्याचा प्रमुख तो नायक. १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जाताना पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला, आणि असे तांडे दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नाहीत असे त्याने नोंदवले. त्याच शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. हा वेग आजच्या वाचकाला हास्यास्पद वाटेल, पण त्यामागे हिशेब होता : बैल वाटेतच चरत, त्यामुळे वैरणीचा खर्च नसे, स्त्रिया आणि मुले बरोबर असल्यामुळे घरी परतण्याची घाई नसे, आणि मुक्कामाला गोण्यांची रास रचून तिच्या आडोशाने पहारा करता येत असे. मोगल, मराठे, निजाम आणि पुढे इंग्रज यांच्या दक्षिणेतील सैन्यांना धान्य पुरवण्याचे काम या तांड्यांनी केले. भंगी आणि जंगी या दोन नायकांना शहाजहानच्या दक्षिण मोहिमेच्या वेळी असफखानाने ताम्रपट दिला, आणि त्यात पाणी व गवत घेण्याचा हक्क, इतकेच नव्हे तर काही गुन्ह्यांची माफीही होती, अशी परंपरा बंजारा समाजात सांगितली जाते. ताम्रपटाचा तपशील कसाही असो. ज्याच्याशिवाय लष्कर पुढे सरकत नाही त्याला पाणी आणि गवत नाकारता येत नाही, ही गोष्ट त्या परंपरेत अचूक नोंदली गेली आहे.

तांडा हा चालता गाव होता, म्हणून बाकीचे प्रवासी त्याच्या आश्रयाला येत. ज्यांना तांडा मिळत नसे, ते धर्मशाळेत किंवा पडावावर, म्हणजे गावाबाहेरच्या ठरलेल्या मुक्कामाच्या जागेवर, त्याच दिशेने जाणाऱ्या माणसांची वाट पाहत. यात्रेकरूंनी याच गरजेला धार्मिक शिस्त दिली. विदर्भातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांमध्ये, ज्यांपैकी कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी आणि शेगावची पालखी आजही पायी जातात, वीणेकरी कोण, चोपदार कोण, मुक्काम कोठे आणि जेवण कोणाकडे हे सारे आधी ठरलेले असते, आणि त्यामुळे ज्याने कधी गाव सोडले नाही तोही कित्येक आठवड्यांची वाट निर्धास्तपणे चालू शकतो. व्यक्तिगत पातळीवरचे याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे आहे. १८५७ मध्ये दक्षिणा मिळण्याच्या आशेने ते उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे चुलते होते, आणि बंडाच्या धामधुमीत लुटले जाऊनही ते जिवंत परतले, यामागे या दोघांच्या एकमेकांना धरून राहण्याचा वाटा मोठा होता. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ पुढे १९०७ मध्ये छापला गेला. तो युद्धाचा वृत्तांत म्हणून वाचला जातो, तसाच तो दोन माणसांच्या लांब वाटेचा वृत्तांत म्हणूनही वाचला गेला पाहिजे.

सोबतीची दुसरी बाजू अधिक काळोखी आहे आणि ती टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही. गावाच्या वेशीपासून पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत प्रवाशाला, विशेषतः सरकारी माणसाला, वाट दाखवण्याचे आणि प्रसंगी त्याचे ओझे वाहण्याचे काम महाराष्ट्रातील गावगाड्यात बहुधा महारांवर टाकलेले असे. या माणसाला वाटाड्या म्हणत. प्रवाशाच्या दृष्टीने ही उत्तम सोय होती. वाटाड्याच्या दृष्टीने ती बहुतेक वेळा वेठ होती, म्हणजे मोबदल्याविना किंवा नाममात्र मोबदल्यावर, नकाराचा अधिकार नसताना करावे लागणारे काम. प्रवासवर्णनांत मुक्कामांची नावे येतात, साहेबांची आणि सरदारांची नावे येतात, परंतु उन्हात पुढे चालणाऱ्या या माणसाचे नाव जवळजवळ कधीच येत नाही, आणि या वाटांच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

सोबतीची गरज जितकी खरी, तितकाच तिचा गैरफायदाही घेतला गेला. १८३०च्या दशकात विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने नर्मदेच्या खोऱ्यात राहून ज्या ठगांविरुद्ध मोहीम चालवली, त्यांची रीत अशी सांगितली जाते की, ते यात्रेकरू किंवा व्यापारी बनून वाटसरूंना गाठत, दिवसचे दिवस त्यांच्याबरोबर चालत, एकत्र जेवत, आणि विश्वास बसल्यावर निर्जन जागी रुमालाने गळा आवळून त्यांना मारत. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरला. इंग्रजांनी रंगवलेले ठगांचे चित्र कितपत अतिरंजित होते याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते रास्तही आहेत. तरीही जबलपूर-नागपूर वाटेवरील भीती खोटी नव्हती, आणि तिचा परिणाम प्रवासाच्या रीतींवर झाला. अनोळखी संगतीपेक्षा आपल्या गावचा किंवा आपल्या जातीचा सोबती शोधणे, सावकाराची ओळखचिठ्ठी घेणे, आणि रोख रकमेऐवजी हुंडी, म्हणजे दुसऱ्या गावच्या पेढीवर वटणारा पैशाचा लेखी आदेश, जवळ बाळगणे या साऱ्या सवयींमागे, लुटारूंच्या भयाइतकेच, सोबती निवडण्यातील जोखमीचे भान होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर आणि वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला गंगेकाठी जात असे आणि तेथून नावांनी कलकत्त्यास. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातून मुंबईकडे पहिला माल पाठवला, तेव्हा सुमारे १,२०,००० पौंड कापूस ५०० बैलांवर लादला गेला होता. त्याच दशकात, दख्खनच्या याच रस्त्यावर, एका वेगळ्या प्रवासाचा शेवट झाला. १८०२ मध्ये मद्रासपासून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस, म्हणजे त्रिकोणांची साखळी टाकून भूमीची अचूक मापे घेण्याच्या कामास, आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादेहून नागपूरकडे आपला तळ हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. दोन दशके त्याने तंबूत काढली होती, आणि अवजड थिओडोलाइट यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवण्यासाठी त्याच्याबरोबर लहानसे सैन्यच चालत होते. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. नागपूरचा शून्य मैलाचा दगड पाहायला लोक आवर्जून जातात. त्या दगडामागील मोजणीचा जनक हिंगणघाटला पुरला गेला आहे याची मात्र वर्धा मार्गाने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कल्पना असते.

१८६७ मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तांड्यांचा व्यवसाय दोन-तीन दशकांत मोडला. ज्यांच्यावाचून कोणतेही लष्कर हलत नव्हते त्याच समाजाकडे, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात, अनेक प्रांतांत संशयाने पाहिले जाऊ लागले आणि काही ठिकाणी तो त्या कायद्याखाली नोंदवलाही गेला. हा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. उपयोग संपताच वाहतूकदाराला भटक्या ठरवण्याचा हा अन्याय केवळ भारतात घडला नाही. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील वाळवंटात १८६० च्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले नेण्यात आले. पुढे बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून गेलेल्या अशा उंटवाल्यांनी साठ वर्षे तेथील खाणी आणि मेंढीपालांना माल पुरवला, आणि मोटारी येताच त्यांना बाजूला सारण्यात आले. त्या मोहिमेतील एक गोष्ट येथे विशेष अर्थपूर्ण आहे : १८६१ मध्ये बर्क आणि विल्स दोघेही कूपर क्रीकच्या काठी उपासमारीने मेले, आणि त्यांचा जो सोबती जॉन किंग वाचला, तो तेथील यांद्रुवांधा या मूलनिवासी लोकांनी आपल्यात ठेवून घेतल्यामुळे.

मोटारयुगात रस्त्याची आखणी शास्त्रावर आली आणि तिचे महत्त्वाचे पान नागपुरातच लिहिले गेले. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद येथे भरली. तिने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी करून वीस वर्षांची योजना आखली, जी ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. वाराणसी ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात, ज्याचा येथील भाग २०१० च्या फेरक्रमांकनानंतर श्रीनगर-कन्याकुमारी अशा क्रमांक ४४ मध्ये आला, मिहानच्या कडेने जातो. या मार्गावरील मालट्रकमध्ये चालकाशेजारी बसणारा किन्नर, म्हणजे क्लीनर, हा वाटाड्या आणि सोबती या दोघांचाही वारस होता. तो मागची बाजू पाहून गाडी वळवून देई, चाक बदलू लागे, रात्री चालकाशी बोलत राहून त्याला जागे ठेवी, आणि याच वाटेवर पुढे चालक होई. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असावेत अशी अट अनेक वर्षे होती. पुढे ती शिथिल झाली, आणि मालवाहतुकीच्या खर्चात सर्वांत आधी जो माणूस कापला जातो तो हाच दुसरा माणूस असतो.

या पार्श्वभूमीवर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाहिला पाहिजे. त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये. हा रस्ता गावांना टाळून, दोन्ही बाजूंना कुंपण घालून, ताशी १५० किलोमीटरच्या वेगासाठी बांधला आहे. दुचाकींना त्यावर बंदी आहे. वाशीम जिल्ह्यात तो जुन्या व्यापारी वाटांवरील कारंजा लाडच्या जवळून जातो, ज्या समृद्ध पेठेवर १६७० मध्ये मराठ्यांनी छापा घातला होता, आणि त्याच जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थ आहे. मात्र महामार्गावरून जाणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही. एकसुरी, सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन हळूहळू बधिर होत जाते, या अवस्थेला महामार्ग-संमोहन म्हणतात, आणि या रस्त्यावरील अपघातांच्या चर्चेत हा शब्द वारंवार आला आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला झालेल्या अपघातात किमान पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडल्यावर तर तो सर्वतोमुखी झाला.

दख्खनच्या जुन्या वाटेवर विहीर, धर्मशाळा आणि पडाव आधी होते आणि पक्की सडक नंतर आली. समृद्धीवर सडक आधी आली, आणि विश्रांतीच्या जागा, खाण्याची ठिकाणे, दुरुस्तीची सोय हे सारे नंतर, तुकड्यातुकड्याने येत आहे. हा क्रम केवळ गैरसोयीचा नाही, तर चुकीचा आहे, कारण लांब वाटेवर थांबण्याची जागा ही वाटेची पुरवणी कधीच नव्हती. मिहानमधून रात्री माल घेऊन निघणाऱ्या वाहनात दुसरा चालक सक्तीने असावा, आणि ठरावीक अंतरावर थांबणे परवान्याची अट व्हावी, ही मागणी वाहतूक खर्चिक करील हे खरे. पण तांड्याच्या नायकानेही आपल्या हिशेबात मुक्कामाचा खर्च धरलेला असे, आणि त्या हिशेबावर दोन शतके दक्षिणेतील सैन्ये जेवली.