‘यंग इंडिया’ ध्वनिमुद्रिका : एका विस्मृत संस्थेच्या इतिहासाची साधने आणि शिरूर-दौंड परिसर

पेशवाईच्या इतिहासकाराला पुण्याच्या दफ्तरातील रुमाल उपलब्ध आहेत. जमाखर्च, पत्रव्यवहार, याद्या व ताळेबंद ह्यांच्या आधारे त्याला एखाद्या परगण्याचा वर्षावर्षाचा वृत्तांत जुळविता येतो. विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या कानांवर काय पडत होते, ह्याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला असे दफ्तर लाभलेले नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्या लहान संस्था निघाल्या, काही वर्षे चालल्या आणि बंद पडल्या. त्यांची कागदपत्रे रद्दीत गेली; उरल्या त्या केवळ लाखेच्या तबकड्या. अशा वेळी उत्पादित वस्तूलाच दस्तऐवज मानावे लागते. तबकडी हा दस्तऐवज कसा वाचावा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगीतरसिकांचा नसून इतिहासपद्धतीचा आहे. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ ह्या ध्वनिमुद्रिकांचे उदाहरण त्या दृष्टीने उद्बोधक ठरते.

हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण करण्याचा उद्योग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास सुरू झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेस्बर्ग ह्यांनी गौहरजान ह्यांचे गायन तेथेच मुद्रित केले. आरंभीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. मुद्रणाच्या अखेरीस गायकाने स्वतःचे नाव उच्चारावयाचे, ही त्या काळातील प्रथा प्रसिद्धच आहे. परदेशातील कारागिरांस गायक ओळखता यावा हा तिचा व्यावहारिक हेतू सांगितला जातो. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना उभा राहिला आणि तबकड्या देशातच छापल्या जाऊ लागल्या. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रणाची पद्धत रूढ झाली व कर्ण्यासमोर ओरडून गाण्याची आवश्यकता उरली नाही. १९३१ मध्ये ग्रामोफोन व कोलंबिया ह्या दोन मोठ्या कंपन्यांचे इंग्लंडात एकीकरण झाले. नामवंत गायकांशी करार करून त्यांना आपल्याकडे बांधून ठेवणे, हे मोठ्या कंपन्यांच्या व्यापाराचे मुख्य सूत्र होते.

ह्या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी मुंबईत स्थापन झाली. तिचा कारखाना वडाळ्यास होता आणि तिच्या तबकड्यांवर ‘यंग इंडिया’ हे नाव असे. गांधीजींनी १९१९ पासून संपादिलेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे नावही हेच होते. स्वदेशीच्या त्या काळात ग्राहकाच्या मनावर ह्या नावाचा काय परिणाम होत असेल, हे वेगळे सांगावयास नको. नामांकित कलावंत अगोदरच मोठ्या कंपन्यांच्या करारांत गुंतलेले असल्यामुळे नव्या संस्थेला नवोदित व हौशी गायकांकडे वळावे लागले. चित्रपटगीते, भावगीते, शास्त्रीय संगीत, लोकसंगीत आणि शैक्षणिक स्वरूपाचे मुद्रण असा तिचा विस्तार होता. भाषा हिंदी, मराठी, गुजराती व दक्षिणेकडील अशा अनेक होत्या. १९५५ मध्ये काम थांबेपर्यंत वीस वर्षांत सुमारे १०,००० शीर्षके ह्या संस्थेने बाजारात आणली.

वरकरणी हा प्रकार व्यापारी अडचणीतून निघालेला मार्ग दिसतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याच अडचणीमुळे ह्या तबकड्यांचे मोल वाढले आहे. मोठ्या कंपन्यांच्या सूचीतून जो इतिहास निघतो तो ख्यातनामांचा इतिहास होय. ज्यांना पुढे कीर्ती लाभली नाही, जे नोकरी-व्यवसाय सांभाळून गात, ज्यांची एखाद-दुसरीच मुद्रिका निघाली, त्यांच्या आवाजाचा पुरावा ‘यंग इंडिया’सारख्या संस्थांनीच जपला. सामान्य मध्यमवर्गीय गाणे १९४० च्या सुमारास कसे होते, उच्चार कसे होते, पेटी कशी वाजविली जाई, ह्या प्रश्नांची उत्तरे थोरांच्या तबकड्यांपेक्षा ह्या दुय्यम गणल्या गेलेल्या तबकड्यांत अधिक विश्वसनीयपणे मिळतात. त्या नष्ट झाल्यास केवळ काही गाणी नव्हेत, तर समाजाचा एक थरच निःशब्द होतो.

तबकडीचे वाचन कसे करावयाचे? दहा इंची तबकडीची एक बाजू मिनिटास ७८ फेऱ्यांच्या गतीने सुमारे तीन मिनिटे चालते. मध्यभागीच्या कागदी चकतीवर गायकाचे नाव, गीताचा प्रकार व सूचीक्रमांक असतो. हा क्रमांक विक्रीच्या सोयीसाठी दिलेला असल्याने त्यावरून मुद्रणाचा काळ नेहमीच ठरत नाही. चकतीलगतच्या गुळगुळीत भागात कोरलेला दुसरा क्रमांक मूळ साच्याचा असतो. तो मुद्रणाच्या वेळीच पडत असल्याने कालक्रमाच्या कामी तोच अधिक उपयुक्त होय. अनेक तबकड्यांचे हे साचाक्रमांक एका ओळीत मांडले की कोणते गायक एकाच बैठकीत मुद्रित झाले असावेत, ह्याचा अंदाज करता येतो. मालिकेतील एखादे गीत चित्रपटातील असेल, तर चित्रपटाच्या प्रदर्शनाचे वर्ष हा एक स्थिर खुंटा मिळतो आणि त्याच्या मागेपुढे इतर क्रमांक बसविता येतात. शिलालेखातील ज्ञात राजाच्या नावावरून अज्ञात लेखांचा काळ ठरवावा, तसाच हा प्रकार आहे.

ह्याशिवाय तबकडीच्या पाकिटाकडेही लक्ष द्यावयास हवे. त्यावर विक्रेत्याचा शिक्का असतो. कधी मालकाचे नाव व खरेदीची तारीखही असते. कोणत्या बाजूची रेघ पिनेने अधिक झिजून पांढुरकी झाली आहे, ह्यावरून घरात कोणते गाणे पुनःपुन्हा लावले जाई हे कळते. उत्पादकाच्या कागदपत्रांतून श्रोत्याची आवड कधीच समजणार नाही. झिजलेल्या तबकडीतून ती समजते. विक्रीसूचीच्या पुस्तिका व तत्कालीन वृत्तपत्रांतील जाहिराती ही तिसऱ्या प्रकारची साधने होत.

ह्या दिशेने झालेले काम विद्यापीठांपेक्षा संग्राहकांनी अधिक केले, हे मान्य केले पाहिजे. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली व तिच्या नियतकालिकातून तबकड्यांच्या याद्या आणि टिपणे प्रसिद्ध होऊ लागली. मायकेल किनिअर ह्यांनी १८९९ ते १९०८ ह्या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रकाशित केली. ‘यंग इंडिया’च्या उपलब्ध तबकड्यांचे संगणकीय जतन ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेखांविषयीच्या योजनेखाली सुरेश चांदवणकर ह्यांच्या पुढाकाराने झाले. कारखान्याचे दफ्तर नसतानाही खासगी संग्रहांतून एका संस्थेचे अभिलेखागार उभे करता येते, हे त्यावरून सिद्ध झाले.

परंतु तबकडी हे एकमेव साधन मानल्यास दुसरा दोष उत्पन्न होतो. जे तबकडीवर फारसे आले नाही, ते अस्तित्वातच नव्हते असा समज होतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांचे उदाहरण ह्या बाबतीत पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत ख्रिस्ती भक्तिगीत आणि जॅझ ह्या दोन धारा तबकडीवर परस्परांच्या अगदी निकट आल्या. ॲरिझोना ड्रेन्स ह्या अंध गायिकेने १९२६ मध्ये शिकागो येथे ‘ओकेह’ ह्या मुद्रिकांसाठी भक्तिगीते गायिली, तेव्हा तिच्या पियानोची लय नृत्यगृहातील होती. ती ज्या पेन्टेकोस्टल संप्रदायातील होती, त्याची मोठी लाट १९०६ च्या एप्रिलात लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर उठली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ च्या जूनमध्ये, दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये सामुदायिक प्रार्थनेचे प्रचंड पुनरुज्जीवन घडले होते. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स ह्यांनी त्यासंबंधी लिहिलेली पुस्तिका १९०६ मध्ये निघाली आणि ती दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत पोहोचली. अझुसा येथील घटना केडगावच्या घटनेतून निघाली असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि एकाच काळातील ह्या दोन चळवळींच्या ध्वनिरूप वारशात केवढे अंतर पडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकीचा आवाज तबकडीने जगभर नेला. दुसरीचा प्रसार मुख्यतः छापील कागदाने झाला. मुक्ति मिशनच्या स्वतःच्या छापखान्यातच रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडले.

शिरूरची स्थितीही ह्याच प्रकारची होती. घोडनदीच्या काठी, पुणे-अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) मार्गावर वसलेले हे गाव एके काळी इंग्रजांची छावणी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते अमेरिकन मराठी मिशनचेही ठाणे झाले. ह्या मिशनच्या क्षेत्रात १८६० च्या दशकापासून ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू झाली. कृष्णराव सांगळे ह्यांनी ती वाढविली आणि पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी व पदे ह्यांच्या द्वारा मराठी ख्रिस्ती गीताला अस्सल देशी वळण दिले. ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहातून ही गीते घरोघरी गेली. टाळ, मृदंग व पेटी ह्यांच्या साथीने तासन्‌तास रंगणारे कीर्तन तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारे नव्हतेच. ज्या गाण्याला पुस्तक आणि मंडळी दोन्ही लाभलेली आहेत, त्याला तबकडीची निकडही कमी भासते.

जॅझचा मार्ग निराळा. १९३५ पासून मुंबईच्या ताज महाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे संच वाजू लागले. त्यांच्याकडून गोमंतकीय वादकांनी ही विद्या आत्मसात केली. ह्या वादकांचा पाया मात्र गोव्यातील चर्चच्या शाळांत, पाश्चात्य स्वरलेखनाच्या व उपासनासंगीताच्या शिक्षणाने घातला गेला होता. भक्तिगीतातून जॅझकडे जाणारी वाट अमेरिकेप्रमाणे येथेही होती. फक्त ती नृत्यगृहातून पुढे चित्रपटात पोहोचली. सी. रामचंद्र ह्यांचा जन्म १९१८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्गावरील पुणतांब्याचा. त्यांनी ‘अलबेला’ (१९५१) ह्या चित्रपटात चिक चॉकलेट ह्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाच्या संचाला स्थान दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या ह्या लोहमार्गामुळे दौंड हे जंक्शन झाले होते, आणि मुंबईची जी वस्तू अहमदनगरकडे रेल्वेने जावयाची तिला हाच मार्ग होता. शिरूरला रेल्वे नाही. तेथील बाजार सडकेवर अवलंबून. दोन तालुक्यांतील तबकड्यांच्या प्रसाराची तुलना करताना हा भेद विसरून चालणार नाही.

तेव्हा ह्या परिसरात पुढील संशोधन तीन अंगांनी व्हावयास हवे. पहिले, जुन्या घरांतील व भंगारबाजारातील तबकड्यांची पाकिटे व शिक्क्यांसह नोंद करणे. तबकडी विकत घेता आली नाही तरी तिचे दोन्ही क्रमांक व शिक्का टिपून ठेवणे पुरेसे असते. दुसरे, शिरूर व केडगाव येथील ख्रिस्ती मंडळींत अद्याप मुखोद्गत असलेल्या चालींचे ध्वनिमुद्रण करणे, कारण पुस्तकात शब्द असतात, चाल नसते. तिसरे, दौंड तालुक्यातीलच चौफुल्याच्या संगीतबारीतील वृद्ध कलावतींना, कोणती गाणी गुरूकडून व कोणती फोनोवरून उचलली, हे विचारणे. तबकडी, पुस्तक आणि कंठ ही तीन साधने परस्परांसमोर ठेवल्याखेरीज कोणतेही एक साधन पूर्ण सत्य सांगणार नाही.

ह्या कामात विलंब परवडणारा नाही. कागद जीर्ण होतो, पण त्याचे तुकडे जुळविता येतात. लाखेची तबकडी हातातून निसटली की तिचा आवाज गेला. चाल जाणणारे वृद्ध गेले की तीही त्यांच्याबरोबर जाते. ‘यंग इंडिया’ची मुद्रिका काढणारा हौशी गायक आणि केडगावच्या प्रार्थनेत गाणारी अनाथ मुलगी ह्या दोघांचाही इतिहासावर हक्क सारखाच आहे. पहिल्याचे नाव निदान एका कागदी चकतीवर छापलेले आहे. दुसरीचे तेवढेही नाही. म्हणून सूची तयार करण्याचे काम तबकडीपासून सुरू झाले, तरी ते तबकडीपाशी संपू नये.